हिवाळी स्वित्झर्लंड कोणी घडवले?

स्वित्झर्लंडच्या हिवाळी पर्यटनाचे श्रेय सेंट मॉरिट्झचे हॉटेलवाले योहानेस बाड्रुट यांना दिले जाते. 1864 मध्ये त्यांनी इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली म्हणे: हिवाळ्यात या, आवडले नाही तर खर्च माझा. आख्यायिका झकास आहे, पण गावोगावची हिवाळी भटकंती तिच्यातून निघाली नाही. ती रेल्वेने घडवली. रेल्वेआधीही लोक थंडीत येतच होते, असा आक्षेप कोणी घेईल. येत होते खरे. पण दाव्होसला क्षयावर उपचार घ्यायला आलेला रोगी महिनोन्महिने तिथेच राही. येणे वेगळे, फिरणे वेगळे.

1904 मध्ये रेल्वे सेंट मॉरिट्झला पोचली. 1930 पासून तिथून झरमॅटपर्यंत ग्लेशियर एक्सप्रेस धावू लागली, तीही फक्त उन्हाळ्यात. फुर्का घाटात हिमलोट असे कोसळत की स्टेफनबाखचा पूल दर हिवाळ्याआधी चक्क घडी घालून ठेवावा लागे. 1982 मध्ये 15.4 किलोमीटरचा फुर्का बोगदा खुला झाला आणि गाडी हिवाळ्यातही सुरू झाली. त्याच वर्षी देशभर दर तासाला गाडी देणारे वेळापत्रक लागू झाले. बेत आखणाऱ्यांनी एवढे पाहावे: हिवाळ्याच्या तोंडावर काही आठवडे ग्लेशियर एक्सप्रेस आजही बंद असते.