पाटाचे पाणी आणि संशोधनाची पदवी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले, की हडपसरनंतर डाव्या हाताला मांजरी लागते. एकेकाळी बागायतीचे असलेले मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. या गावाला दोन पाण्यांची ओळख आहे. एक मुठेच्या कालव्याचे आणि दुसरे शहराचे सांडपाणी घेऊन भीमेकडे जाणाऱ्या मुळा-मुठेचे. पर्यावरणशास्त्रात संशोधन करून एम.एस्सी. करणे ही आज नव्या काळाची गोष्ट वाटते. त्यामागचा प्रश्न मात्र या पट्ट्यात शंभराहून अधिक वर्षे जुना आहे: जमिनीवर बाहेरून पाणी आणून सोडले, तर पुढे त्या जमिनीचे काय होते?

खडकवासल्याचे धरण आणि मुठेचा कालवा ही 1870 च्या दशकातली कामे. त्यानंतर 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. पाटाच्या पाण्याबरोबर ऊस आला, आणि सरकारी शेती खात्याने मांजरीच्या शेतावर उसाचे प्रयोग मांडले. पण उसाला भरपूर पाणी द्यायचे आणि काळ्या जमिनीला निचरा नाही, याचे व्हायचे तेच झाले. मुरलेल्या पाण्याने भूजलाची पातळी वर आली, उन्हाने पाणी उडाले आणि क्षार मागे राहिले. शेतकरी अशा जमिनीला खारवट किंवा चोपण म्हणतो.

या दुखण्याची पद्धतशीर तपासणी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून झाली. आसामच्या चहामळ्यांत शास्त्रज्ञ म्हणून काम करून आलेले हॅरल्ड मॅन 1907 पासून तिथे प्राचार्य होते. त्यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्याबरोबर नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर लिहिलेली पुस्तिका 1910 मध्ये प्रसिद्ध झाली. ‘पर्यावरणशास्त्र’ या नावाचा विषय तेव्हा कोणत्याही विद्यापीठात नव्हता. तरीही माती, पाणी, पीक आणि माणसाचा हस्तक्षेप यांचा एकत्र विचार करणारे हे काम आजच्या अर्थाने पर्यावरणशास्त्राचेच होते.

केवळ प्रबंधावर मिळणारी पदव्युत्तर पदवीही आपल्याकडे जुनीच. इरावती कर्वे यांनी 1928 मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.ए. पदवी अशीच मिळवली. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळुरूच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला आणि मग वर्षभराच्या अटीवर दिला. तिथे दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर केलेल्या कामावर त्यांना 1936 मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली. विषय, मार्गदर्शक आणि प्रयोगाला पुरेसा वेळ, एवढेच त्या पदवीचे भांडवल होते.

मांजरीत प्रश्नाचे दुसरे रूप उसाच्याच पोटातून आले. सहकारी साखर कारखान्यांनी 1975 मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन केली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. घरगुती सांडपाण्याची जैविक प्राणवायूची गरज लिटरमागे काही शे मिलिग्रॅम असते, तर या तपकिरी पाण्याची चाळीस हजारांच्या पुढे जाते. ते ओढ्यात गेले तर मासे मरतात, झिरपले तर विहिरीचे पाणी रंगते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा 1969 मध्ये, म्हणजे केंद्राच्या पाच वर्षे आधी केला. पुढे त्या पाण्यापासून बायोगॅस, प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट, आटवून जाळणे, असे उपाय आले. या संस्थेत पर्यावरणाचा स्वतंत्र विभाग आहे. ज्याची घाण त्याचीच प्रयोगशाळा, ही व्यवस्था सोयीची आहे. कारखान्याचे दार उघडते, नमुना मिळतो. पण म्हणूनच बाहेरचा, कोणाचा मिंधा नसलेला अभ्यासकही हवा.

तो अभ्यासक कुठून यायचा? 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद झाले. 2024 च्या पदव्युत्तर आराखड्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने दुसरे वर्ष पूर्णपणे संशोधनाला देण्याची मुभा ठेवली आहे. ही संधी मोठी आहे, कारण एका सत्रात उरकलेल्या प्रकल्पात विहिरीचा फक्त एकच हंगाम दिसतो. उन्हाळ्यात खारट असलेली विहीर पावसाळ्यात गोडी होते, आणि त्या वेळी गेलेला विद्यार्थी सगळे आलबेल असल्याचे लिहून मोकळा होतो. निदान एक वर्ष, तिन्ही ऋतूंत, त्याच विहिरीचे पाणी तपासले तरच काही बोलता येते.

मांजरीच्या आसपास आता उसाच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. शेती आहे तोवर मोजलेले आकडेच पुढे तुलनेला उरतील. नीरेची 1910 ची नोंद आजही उपयोगी पडते ती याच कारणाने. फक्त एक पथ्य पाळावे: प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात जाण्याआधी, ज्याच्या विहिरीतून पाणी घेतले त्या शेतकऱ्याला त्याचा निकाल मराठीत सांगून यावे.