दुधाचा हिशेब

क्रांती नेमकी केव्हा बिघडते, हा प्रश्न इतिहासकाराइतकाच कथाकारालाही पडतो. जॉर्ज ऑर्वेलची ‘ॲनिमल फार्म’ ही छोटी रूपककथा १९४५ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली. रशियन क्रांतीचीच ती कहाणी. जनावरे जुलमी मालकाला, जोन्सला, हाकलून देतात आणि समतेचे नियम भिंतीवर रंगवतात; अखेरीस डुकरेच मालक होतात. नेपोलियन म्हणजे स्टालिन आणि परागंदा झालेला स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, हे सहज उमगते.

नेपोलियनने कुत्रे अंगावर सोडले तेव्हा जुलूम सुरू झाला, असे पुष्कळांना वाटते. ऑर्वेलचे मत निराळे होते. अमेरिकन लेखक ड्वाइट मॅक्डोनल्ड यांना १९४६ साली लिहिलेल्या पत्रात त्याने कथेचे खरे वळण फार आधी दाखवले आहे. डुकरे दूध आणि सफरचंदे स्वतःसाठी ठेवून घेतात, ते हे वळण. तेथेच त्याने क्रॉन्स्टाटचे नाव घेतले.

क्रॉन्स्टाट हे पेट्रोग्राडजवळचे आरमारी ठाणे. १९१७ च्या क्रांतीत तेथील खलाशी आघाडीवर होते. त्याच ठाण्यातून १९२१ मध्ये मागणी झाली की, सोव्हिएटांच्या निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्या, कामगार-संघांना सभास्वातंत्र्य द्या, श्रमिकांना सारखे रेशन द्या. मार्चमध्ये सरकारने फौज पाठवून त्यांना चिरडले. तेव्हा लेनिन हयात होता आणि युद्धखाते ट्रॉट्स्कीकडे होते. म्हणजे दोष एकट्या स्टालिनच्या स्वभावाचा नव्हे.

कथेतली जनावरे गप्प का बसतात? डोक्याचे काम डुकरे करतात, त्यांचे पोषण झाले नाही तर जोन्स परत येईल, असे त्यांना बजावले जाते. हा युक्तिवाद आम्हांला परका नाही. भर सभेत संपफंडाचा हिशेब मागणाऱ्या एका कामगाराला, ‘मालक टपून बसला आहे, ही वेळ नव्हे’ असे सांगून आम्ही एकदा खाली बसवले होते. पैसा चोख होता. पायंडा वाईट होता.

म्हणून क्रांतीच नको, असा अर्थ या कथेतून काढणे म्हणजे जोन्सची वकिली करणे होय. ऑर्वेल अखेरपर्यंत समाजवादीच राहिला. लोक जागे असतील आणि काम होताच पुढाऱ्यांना दूर करण्याची जाण त्यांना असेल, तरच क्रांतीने खरा पालट होतो, असे त्याने त्याच पत्रात सांगितले आहे. कथेतला बॉक्सर घोडा हाडे झिजेपर्यंत राबतो आणि शेवटी कातडे सोलणाऱ्याला विकला जातो. त्याच्या अंगी कष्ट होते, निष्ठा होती. दुधाचे काय झाले, एवढे मात्र त्याने विचारले नाही.