मांडूचे पाणी आणि मांडूची मेजवानी

उन्हाळ्यात पाण्याच्या काठी पाहुण्यांना बोलवावे, संध्याकाळ दिव्यांनी उजळावी आणि खाण्यापिण्यात रात्र घालवावी, ही रीत आपण पाश्चात्त्यांकडून घेतली असा एक समज रूढ आहे. मोठ्या हॉटेलांतील निळ्या फरशीचे तरणतलाव आणि त्यांच्या काठावरील रंगीत छत्र्या पाहिल्या म्हणजे तो दृढही होतो. वस्तुतः कालिदासाने रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात कुशाला ग्रीष्मातच शरयूच्या पाण्यात जलविहारासाठी उतरविले आहे. पण शरयू ही नदी. तिचे पाणी वाहतच होते. जेथे नदी नाही अशा डोंगरमाथ्यावर पाणी साठवावयाचे आणि त्या पाण्याभोवती मेजवानी मांडावयाची, ही कला निराळी. तिचे उत्तम उदाहरण मांडू येथे पाहावयास मिळते.

माळव्यात नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांना मांडू अपरिचित नाही. पुढे हा गड धारच्या पवारांच्या राज्यात आला, त्यामुळे त्याच्याशी आपले जुने नातेही आहे. विंध्याच्या कड्यावर वसलेल्या या गडाला पाऊस हाच आधार. म्हणून येथील सुलतानांनी पावसाचा थेंब न् थेंब अडविण्याची व्यवस्था केली. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेवर सुमारे 120 मीटर लांबीचा जहाजमहाल उभा आहे. गियासुद्दीन खलजीच्या कारकिर्दीत (1469–1500) तो बांधला गेला असे मानतात. दोन्हीकडचे तलाव भरले म्हणजे तो नांगरून ठेवलेल्या जहाजासारखा भासतो. त्याच्या गच्चीवरही हौद आहे, आणि तेथील पाण्याची वाट सरळ न ठेवता नागमोडी व चक्राकार कोरलेली आहे. वळणावळणाने जाताना पाण्याचा वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो आणि हौदात पाणी निवळून पडते. शोभेचे नक्षीकाम म्हणून आपण जे पाहतो, ते प्रत्यक्षात गाळणीचे काम करीत होते.

या गडावर जहांगीर बादशहा 1617 च्या मार्चमध्ये येऊन राहिला. त्याच्या आगमनापूर्वी जुन्या इमारतींची दुरुस्ती झाली होती, आणि तिला तीन लक्ष रुपये खर्च आल्याचे त्याने स्वतःच नमूद केले आहे. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, शबेबरातीच्या रात्री, नूरजहानने येथे एक मेजवानी दिली. तिच्या वाड्यातील मोठ्या तलावांच्या मध्यभागी असलेल्या एका महालात ती झाली. तो जहाजमहालच असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात तिचे जे वर्णन केले आहे, त्यावरून यजमानीणबाईंची दृष्टी स्पष्ट दिसते. स्थळ असे निवडले की वारा पाण्यावरूनच यावा. प्रत्येक पाहुण्याला त्याच्या आवडीचे पेय मिळावे अशी बादशहाची आज्ञा होती. भाजलेले मांस आणि फळे प्रत्येकापुढे मांडलेली होती. आणि सायंकाळ होताच तलावांच्या व इमारतींच्या कडेने कंदील आणि दिवे लावले गेले. त्यांची प्रतिबिंबे पडून सारे पाणीच पेटले आहे की काय असे वाटले, असे बादशहा सांगतो. निम्मी रोषणाई दिव्यांची आणि निम्मी पाण्याची! आजच्या कोणत्याही यजमानाने हा धडा गिरवावा, इतका तो साधा आणि नेमका आहे.

येथेच थांबलो तर इतिहासाचे अर्धेच पान आम्ही वाचले असे होईल. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो त्या वर्षी मांडूलाच होता. त्याची रोजनिशी सांगते की, त्याच उन्हाळ्यात गडावर पाण्याचा विलक्षण तुटवडा पडला होता. एवढा प्रचंड लवाजमा गडावर चढला, पण तळी मात्र पूर्वीइतकीच होती. हाती असलेले झरे व विहिरी बड्या सरदारांच्या ताब्यात गेल्या. सामान्यांचे अतोनात हाल झाले आणि अनेकांना जनावरांसह गड सोडून पाण्याच्या शोधात दूर जावे लागले. खुद्द रो यालाही एका दरबारी अमिराच्या मेहेरबानीने रोजचे थोडे पाणी मिळत असे. दरबाराची ही जागा, तोच गड आणि तेच वर्ष! चैत्र-वैशाखात घागरीसाठी तळमळलेली छावणी आणि श्रावणाच्या सुमारास दिव्यांनी पेटलेले तलाव, या दोहोंमध्ये अंतर होते ते केवळ एका पावसाचे.

यावरून मेजवानीला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. नूरजहानची रसिकता खरीच होती. प्रश्न एवढाच की, ज्या पाण्यात दिवे पाहावयाचे ते पाणी कोणाचे? याचे दुसरे उत्तर दिल्लीत सापडते. मेहरौलीचा हौज-ए-शम्सी अल्तमशने तेराव्या शतकात बांधला. चौदाव्या शतकात इब्न बतूताने तो पाहिला, तेव्हा शहरातील लोक त्याचेच पाणी पीत होते. पाणी ओसरले की काठच्या जमिनीत लोक ऊस, काकड्या आणि खरबुजे लावीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. मध्यभागी दुमजली मंडप होता. हौद भरला म्हणजे तेथे नावेतूनच जावे लागे. अर्थात तेथेही विहार होता, पण तहानेला डावलून नव्हे. पुढे दुसऱ्या अकबरशहाच्या काळी (1806–1837) याच परिसरात ‘फुलवालों की सैर’ सुरू झाली. योगमायेचे मंदिर आणि कुतुबसाहेबांचा दर्गा या दोन्ही ठिकाणी फुले वाहणारी, झऱ्याकाठी आणि आमराईतील झोक्यांवर सारे शहर एकत्र आणणारी ही जत्रा इंग्रजांनी 1942 मध्ये बंद पाडली, आणि 1962 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. बादशहाने भरविलेली मेजवानी त्याच्या राज्याबरोबरच संपते. लोकांची जत्रा मात्र वीस वर्षांच्या खंडानंतरही पुन्हा उभी राहते.

ज्या राजधानीत आपण चाकरीसाठी येऊन राहिलो, तिच्या अनेक वस्त्यांत आजही उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांच्या रांगा लागतात, आणि त्याच शहरात तरणतलावाकाठी सायंकाळचे समारंभही होतात. मांडूच्या त्या वर्षाची दोन्ही पाने येथे एकाच दिवशी उघडी पडलेली असतात. ज्यांना पाहुणचार करावयाचा आहे त्यांनी अवश्य करावा. दिवे पाण्याच्या कडेला लावावेत, पेये पाहुण्यांच्या आवडीची ठेवावीत. पण मांडूच्या कारागिरांनी पाणी निवळावे म्हणून दगडात वळणे कोरली, तशी थोडी वळणे आपल्या विचारांनाही घ्यावयास लावावीत. घाईने वाहणाऱ्या पाण्यातला गाळ दिसत नाही.