विलंबित शोकसंगीत

विलंबित शोकसंगीत : मंद लयीच्या आधारे दुःखाचा भाव विस्ताराने व्यक्त करणारे संगीत. शोक हा करुण रसाचा स्थायीभाव असून त्या रसास विलंबित लय अनुकूल असते, असे भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. पश्चिमेतील अंत्ययात्रेचे संगीत व मृतांसाठीच्या ‘रेक्विएम’ रचना याच वृत्तीच्या होत. फिनलंडमधील थरगोथॉन, स्केप्टिसिझम इ. वाद्यवृंदांनी १९९० नंतर ‘फ्यूनरल डूम मेटल’ ही शैली घडविली. तीत विद्युत् गिटारचे जड, मंद्र स्वर दीर्घकाळ घुमत राहतात, तालवाद्यांचे आघात विरळ असतात व एकेक रचना बहुधा दहा मिनिटांहून अधिक चालते.

महाराष्ट्रात या वृत्तीशी जवळचे नाते सांगणारी परंपरा मिरजेत नांदली. सांगली, मिरज व कुपवाड ही लगतची गावे असून १९९८ पासून त्यांची संयुक्त महानगरपालिका आहे. मिरज हे तंबोरे व सतारी बनविणाऱ्या कारागिरांचे जुने केंद्र. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात येथे वास्तव्य केले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या श्रुतिविषयक संशोधनासही त्यांच्या सूक्ष्म स्वरज्ञानाचे साहाय्य झाले.

करीमखाँच्या गायनात लयकारीपेक्षा स्वराला अग्रस्थान आहे. काटेकोर जुळविलेल्या तंबोऱ्याच्या नादात स्वर अलगद मिसळून द्यावयाचा, त्यावर पुरेसा काळ थांबावयाचे आणि मगच पुढील स्वराकडे वळावयाचे, ही त्यांची रीत होती. त्यामुळे कोमल गांधार किंवा निषाद हा केवळ रागाचा घटक न राहता भावाचे आश्रयस्थान बनतो. मात्र या गायनातील दुःख मृत्यूचे नव्हे. ते प्रामुख्याने विरहाचे व शरणागतीचे आहे. किराण्यातीलच अब्दुल वहीदखाँ यांनी विलंबित आलापीचा आणखी विस्तार केला आणि त्यांच्या प्रभावातून अमीरखाँ (१९१२–७४) यांची अतिविलंबित गायकी आकारास आली.

या गायकीपुढे ध्वनिमुद्रणाने मोठी अडचण उभी केली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. त्यात ख्यालाचा सावकाश विस्तार अशक्य होता. करीमखाँच्या ध्वनिमुद्रिकांत मात्र घाई जाणवत नाही. विस्तार आखडला, तरी स्वरावरील ठहराव त्यांनी सोडला नाही. झिंझोटीतील त्यांच्या ठुमरीचे मुद्रण याचे उत्तम उदाहरण होय. विलंबितपणा केवळ कालावधीवर अवलंबून नसून स्वराला मिळणाऱ्या अवकाशावर अवलंबून असतो, हे त्यावरून स्पष्ट होते. बालपणी करीमखाँची ध्वनिमुद्रिका ऐकून भीमसेन जोशी संगीताकडे ओढले गेले व पुढे करीमखाँचे शिष्य सवाई गंधर्व यांचे शिष्य झाले.

अशा संगीताचा आस्वाद घेताना पुढे काय घडणार, यापेक्षा आता लागलेला स्वर कसा बदलत आहे, इकडे लक्ष द्यावे लागते. द्रुत संगीताची अपेक्षा बाळगणाऱ्यास ते कंटाळवाणे वाटते. परंतु अवधान स्थिरावले की स्वराची किंचित चढउतार, श्वासाची जागा व स्वरांमधील शांतता यांना अर्थ येतो. दुःख निवारण्याची घाई न करता त्याला वेळ देणे, हेच या संगीताचे सामर्थ्य होय. फिनलंडचा विद्युत् गिटार आणि मिरजेचा तंबोरा यांच्या संगीतपद्धती सर्वस्वी भिन्न आहेत. श्रोत्याकडून दोघांची मागणी मात्र एकच आहे.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोइल रेल्वेस्थानकावर करीमखाँचे निधन झाले. प्रकृती बिघडल्याने ते तेथे उतरले आणि ईश्वराची आळवणी करीत त्यांनी प्राण सोडला, असे सांगतात. त्यांचे दफन मिरजेत झाले. तेथील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरविण्याची प्रथा आहे.