जनपद सभा ते शाळा व्यवस्थापन समिती : वणी तालुक्यातील मराठी शाळेची वाटचाल

आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे जुने नाव वणी जिल्हा. १८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६४मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके मिळून आग्नेय वऱ्हाडचा जिल्हा झाला आणि पुढे तो वणीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. नाव वणीचे, कचेरी मात्र यवतमाळला. १९०५मध्ये पुसद तालुका या जिल्ह्याला जोडला गेला, तेव्हा नावही यवतमाळचेच झाले. वणीपासून यवतमाळ शंभरेक किलोमीटर. या भागातील प्राथमिक शाळेची वाटचाल समजून घ्यायची तर हे अंतर आधी ध्यानात घ्यावे लागते. हुकूम कधी अमरावतीहून आले, कधी नागपूरहून, पुढे मुंबई-पुण्याहून. शाळा चालवली ती मात्र गावाने, आणि गावात येऊन राहिलेल्या गुरुजींनी.

पहिल्या काळातील शाळेला स्वतःची इमारत क्वचितच असे. मारुतीच्या देवळाचा ओटा, चावडी, धर्मशाळा, नाहीतर एखाद्या पाटलाच्या वाड्याची ओसरी हीच शाळा. एकच गुरुजी आणि त्यांच्यापुढे सगळे वर्ग. मोठ्या मुलाने लहानांकडून पाढे म्हणवून घ्यायचे आणि गुरुजींनी तेवढ्यात वरच्या वर्गाचे गणित तपासायचे, ही रीत एकशिक्षकी शाळांत पुढेही बरीच वर्षे टिकली. शिकायला येत ती पाटील, पटवारी, व्यापारी यांची मुले. मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलांना बराच काळ ओसरीची पायरीही ओलांडता आली नाही. शाळेच्या इतिहासातला हा डाग झाकून वाटचाल लिहिता येत नाही.

याच वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. लोकनायक बापूजी अणे म्हणून देश त्यांना ओळखतो. वकिलीत शिरण्यापूर्वी त्यांनी अमरावतीच्या शाळेत शिक्षकी केली होती. १९२८च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले, आणि लोकमान्यांवरील त्यांच्या संस्कृत महाकाव्याला त्यांच्या निधनानंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गावोगावच्या गुरुजींना पुढे कैक पिढ्या वर्गात सांगायला घरचे उदाहरण मिळाले, ते असे.

१९०३मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. १९२०च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली आणि शाळांचा भार नगरपालिका व डिस्ट्रिक्ट कौन्सिल यांच्यावर आला. सक्ती कागदावर आली खरी, पण कापसाच्या मुलखात वेचणीच्या दिवसांत सक्ती कोण कोणावर करणार? दसऱ्यानंतर रान पांढरे झाले की वर्ग रिकामे होत. हे दुखणे पुढच्या शंभर वर्षांत पुरते गेले नाही.

ऑक्टोबर १९३७मध्ये शेजारच्या वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमची मांडणी झाली. पाठोपाठ मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावातल्या कोणी जमीन दान द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि गुरुजी चालावेत, अशी ती कल्पना होती. नावावरूनच वाद पेटला, १९३९मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मागे पडली. तिचे एक सूत्र मात्र इथल्या मातीत टिकले. शाळेला जागा लागली की दान देणारा कोणीतरी पुढे येतो. आजही अनेक जिल्हा परिषद शाळा दानात मिळालेल्या जमिनीवर उभ्या आहेत.

स्वातंत्र्यानंतरचा टप्पा जनपद सभांचा. १९४८च्या कायद्याने मध्य प्रांत-वऱ्हाडात डिस्ट्रिक्ट कौन्सिले जाऊन तहसीलवार जनपद सभा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्या हाती गेल्या. त्या पिढीचे जे गुरुजी आता नव्वदीत आहेत, ते अजूनही ‘जनपदची नोकरी’ असेच म्हणतात. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की मुख्यालयाशी संबंध तुटे. तरी शाळा वाढल्या.

त्या काळाचा साक्षीदार आजही जुन्या शाळांच्या लोखंडी कपाटात आहे. तो म्हणजे दाखलखारीज रजिस्टर. लांबट पाने, बोरूने किंवा टाकाने लिहिलेली वळणदार अक्षरे, रकाने ठरलेले : अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि कारण. जन्मतारखा पाहिल्या तर निम्मा गाव जून-जुलैत जन्मला असे वाटावे. तारीख कोणाला ठाऊक नसे, म्हणून गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. या रजिस्टरला आता वेगळेच मोल आले आहे. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातीला १९५०पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा पहिली-दुसरीपर्यंतच शिकलेले असोत, त्यांच्या त्या एका ओळीवर नातवाचा वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचा प्रवेश ठरतो. जे आजोबा शाळेत गेलेच नाहीत, त्यांच्या नातवंडांची धावपळ तहसीलमध्ये पाहावी.

१९५६मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पंचायत राज्याची आखणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते वसंतराव नाईक, याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीचे. त्यांच्या शिफारशींवरून १९६१चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. जनपदची शाळा त्या दिवशी जिल्हा परिषदेची झाली. वणी शहरातल्या शाळा नगर परिषदेकडे राहिल्या. त्या नंबराने ओळखल्या जातात आणि जुने वणीकर अजूनही एकमेकांना ‘तू कोणत्या नंबरचा?’ असे विचारतात. १९६७मध्ये बालभारती स्थापन झाली आणि वणीच्या मुलाच्या हाती तेच पुस्तक आले जे सावंतवाडीच्या मुलाच्या हाती होते. याच दशकांत उच्च शिक्षणही वणीत रुजले. लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून राम शेवाळकर इथे राहिले, त्यांच्या व्याख्यानांनी गावाच्या कानाला चांगल्या मराठीची सवय लावली. गावशाळेच्या गुरुजींचा वक्तृत्वावरचा भर त्या हवेशी जुळणाराच होता.

१९७२च्या दुष्काळात शाळेत सुकडी आली. त्या पिढीला शाळेची पहिली आठवण विचारली तर धड्याआधी सुकडीची चव सांगतात.

वणीचे वेगळेपण असे की इथल्या वर्गात एकच भाषा कधीच नव्हती. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि कोळसा खाणी यांनी बाहेरच्या प्रांतांतील मजूर आणले. त्यांच्या मुलांनी हिंदी आणली. तेलंगणाची सीमा जवळ म्हणून तेलुगू कानावर पडतच होती. डोंगराळ पट्ट्यातील कोलाम आदिवासींच्या पोडांवरून (वस्त्यांवरून) येणाऱ्या लेकराच्या घरी कोलामी, शाळेत मराठी. पहिलीतले असे मूल आठवडेच्या आठवडे गप्प बसते, आणि नवखे गुरुजी त्याला मंद समजतात. जुने शिक्षक तसे करत नाहीत. तिसरी-चौथीतल्या एखाद्या कोलाम मुलीला शेजारी बसवून ते तिच्याकडून बोलणे पोचवतात आणि स्वतःही दहा-वीस शब्द उचलतात. प्रशिक्षण वर्गात न शिकवलेली ही पद्धत या तालुक्यातील शिक्षकांची खरी कमाई आहे. खाणींनी दुसराही प्रश्न उभा केला. खाण पुढे सरकली की गाव उठते आणि गावाबरोबर शाळाही. नव्या वसाहतीत इमारत पक्की मिळते, पण विखुरलेली घरे एका पटावर पुन्हा आणायला वर्षे लागतात.

ऐंशीच्या दशकाअखेर खडू-फळा मोहिमेने दोन खोल्या, दोन शिक्षक हा किमान हिशेब मान्य केला. १९९२पासून मागास प्रवर्गांतील मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवशी एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. रक्कम हास्यास्पद वाटते आणि ती वाढली नाही हे तर लाजिरवाणेच, पण मुलगी रोज शाळेत यावी ही गोष्ट सरकारने हिशेबात धरली, एवढे तिचे श्रेय. १५ ऑगस्ट १९९५पासून पोषण आहार आला. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी, मग सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेली खिचडी. वेचणीच्या दिवसांतली गळती कमी करण्यात खिचडीचा वाटा मोठा. ती शिजवणाऱ्या बाया, ज्यांच्या मानधनाची रक्कम उच्चारायलाही संकोच वाटावा, त्यांचे नाव शाळेच्या कुठल्याच फलकावर नसते. ते असायला हवे. त्याच काळात विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी अनेक घरे मोडली. ज्या घरचा बाप गेला त्या घरचे मूल शाळेतून सुटू नये म्हणून शिक्षकांनी आपल्या खिशातून वह्या आणि गणवेश दिले. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

गुणवत्तेचा विषय निघाला की या शाळांत पहिले नाव शिष्यवृत्तीचे. मुंबई राज्यात १९५४-५५पासून ही परीक्षा सुरू झाली आणि विदर्भ त्या राज्यात आल्यावर इथल्या मुलांपुढेही ती आली. चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती म्हणजे गावच्या शाळेची प्रतिष्ठा. डिसेंबर उजाडला की गुरुजींचे जादा तास सुरू होत. सकाळी शाळेआधी गणित, संध्याकाळी दिवाबत्तीपर्यंत बुद्धिमत्ता. मुलगा लागला तर निकाल फळ्यावर रंगीत खडूने लिहिला जाई आणि महिनाभर तो कोणी पुसत नसे. पहिल्यांदा तालुक्याच्या केंद्रावर परीक्षेला गेलेल्या मुलाला वणी शहर त्या दिवशी दिसे. २०१६-१७पासून परीक्षा पाचवी आणि आठवीला गेली. निर्णय वरकरणी साधा, परिणाम मात्र खोल झाला. तालुक्यातील बहुतेक जिल्हा परिषद शाळा चौथीलाच संपतात. ज्या गुरुजींनी चार वर्षे मूल घडवले त्यांच्या हातून ते परीक्षेच्या तोंडावर निसटले आणि जादा तासांची परंपरा ओसरली. २०२५मध्ये चौथी-सातवीची परीक्षा पुन्हा आणण्याचा निर्णय झाला. तो आधीच व्हायला हवा होता. दुसरी शिडी जवाहर नवोदय विद्यालयाची. पाचवीत परीक्षा, लागले तर सहावीपासून बारावीपर्यंत निवासी शिक्षण. मजुराच्या घरातील मुलीसाठी याहून मोठी उडी दुसरी नाही.

१ एप्रिल २०१०पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि कारभार निदान कायद्याने तरी पालकांकडे आला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. सुरुवातीला समितीच्या सभा सहीपुरत्या होत. अध्यक्षाचे नाव गावच्या राजकारणातून ठरे. काही गावांत आजही तसेच आहे. पण जिथे आया बोलू लागल्या तिथे पिण्याचे पाणी, मुलींचे स्वच्छतागृह आणि शिक्षकाची रिकामी जागा हे प्रश्न ठरावात उतरले. २२ जून २०१५च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रच्या निर्णयानंतर लोकवर्गणीची लाट आली. भिंती रंगल्या, पडदा-प्रोजेक्टर आले, आणि कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याने शाळेसाठी हजार-पाचशे काढून दिले. रंगांमागे शिक्षण किती झाले, याचे उत्तर शाळागणिक वेगळे आहे.

कसोटीही याच काळात लागली. गावोगाव इंग्रजी शाळांच्या पिवळ्या व्हॅन फिरू लागल्या आणि पट घसरले. २०१७अखेर दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात जाहीर झाला. पोडावरच्या आणि तांड्यावरच्या शाळांवर तेव्हापासून टांगती तलवार आहे. मार्च २०२०मध्ये कोरोनाने सगळ्याच शाळा बंद केल्या. मोबाइलला रेंज नाही आणि घरात मोबाइलही नाही, अशा पोडांवर शिक्षक दुचाकीने गेले आणि झाडाखाली चार-चार मुलांचे गट बसवले. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाहण्याची नजर त्यामुळे काही काळ तरी बदलली.

आज विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या दिवशी प्रभातफेरी निघते, नव्या लेकरांना गुलाबपुष्प आणि पाठ्यपुस्तके मिळतात. दारातल्या फलकावर रोज सकाळी एक मूल खडूने लिहिते : मुले, मुली, एकूण, उपस्थित. परिपाठात एक मुलगी दिनविशेष सांगते, एक मुलगा बातम्या वाचतो, आणि कोणी स्पर्धेत नंबर काढला असेल तर त्याचे नाव सगळ्यांसमोर घेऊन टाळ्या होतात. हिवाळ्यात केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी क्रीडा व सांस्कृतिक स्पर्धा होतात. कबड्डीचा संघ पुढे गेला तर गावचा टेम्पो डिझेलचे पैसे घेत नाही.

या सर्व वर्षांची नोंद मात्र जीर्ण होत चालली आहे. दाखलखारीजची पाने कडांनी झडत आहेत, जुनी छायाचित्रे घरोघरच्या ट्रंकांत आहेत, आणि जनपदच्या काळचे गुरुजी थोडेच उरले आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्याकडील छायाचित्रे, प्रगतिपत्रके आणि शिष्यवृत्तीची प्रमाणपत्रे यांच्या प्रती आपापल्या शाळेला द्याव्यात, शाळा व्यवस्थापन समित्यांनी जुन्या रजिस्टरांची छायाप्रत करून घ्यावी, आणि हे काम येत्या पटनोंदणीपूर्वी हाती घ्यावे, ही विनंती.