गॅल्व्हेस्टनचा तारा

अमेरिकेत गुलामगिरी संपल्याच्या आठवणीत 19 जूनला जो झेंडा फडकतो, त्याचे रंग लाल, पांढरा आणि निळा, म्हणजे राष्ट्रध्वजाचेच आहेत. बेन हेथ यांनी तो 1997 मध्ये तयार केला. मधला तारा टेक्सासचा, त्याभोवतीचा प्रस्फोट नव्या आरंभाचा आणि निळ्या-लाल भागांमधली कमान नव्या क्षितिजाची. ज्या निशाणाखाली माणसांचे लिलाव झाले त्याचे रंग आपण का मिरवायचे, असे विचारणारे कृष्णवर्णीय आहेत. त्यांना मार्कस गार्वी यांच्या संघटनेने 1920 मध्ये स्वीकारलेला लाल-काळा-हिरवा झेंडा जवळचा वाटतो. आक्षेप वजनदार आहे, तरी या सणाचा इतिहास पाहता मला हेथ यांची निवड योग्य वाटते.

लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा. टेक्सासमध्ये तो अडीच वर्षे कागदावरच राहिला. बातमी उशिरा पोचली म्हणून असे झाले, ही कथा लोकप्रिय असली तरी अपुरी आहे. मालकांना जाहीरनामा ठाऊक होता, कमी होती ती अंमल बसवणाऱ्या फौजेची. म्हणूनच इतर राज्यांतले मालक आपले गुलाम घेऊन टेक्सासात येत राहिले. 19 जून 1865 ला जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टनमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा हुकूम काढला, तेव्हा त्या राज्यात सुमारे अडीच लाख माणसे गुलामीत होती. हुकुमाने मालक आणि गुलाम यांचे हक्क समान ठरवले. पण आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, आळशांना पोसले जाणार नाही, असेही त्यात बजावले होते. जन्मभर फुकट राबलेल्यांना ही आळसाची तंबी!

मुक्त झालेल्यांनी मात्र पुढच्याच वर्षापासून हा दिवस स्वतःचा करून टाकला. प्रार्थना, जाहीरनाम्याचे वाचन, भाजलेले मांस, लाल सरबते आणि मतदानाविषयीचे मार्गदर्शन, असा सगळा बेत असे. ह्यूस्टनमध्ये स्वतः गुलामीत जन्मलेले धर्मोपदेशक जॅक येट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पैसे उभे केले आणि 1872 मध्ये खास या उत्सवासाठी दहा एकर जमीन विकत घेतली. तिचे नाव ‘इमॅन्सिपेशन पार्क’. कालपर्यंत मालमत्तेत मोजली गेलेली माणसे आता त्याच देशाच्या कायद्यानुसार मालमत्तेची धनी झाली होती. देशाचे रंग घेणे हे त्या जमीनखरेदीसारखेच आहे, त्यात हक्क सांगणे आहे.

पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. त्या सज्जनांनी मोठी किंमत मोजली होती, त्यामुळे ही कृतज्ञता रास्तच होती. पण सुटका करणाऱ्यांइतकेच सुटलेल्यांचे कर्तृत्वही पाहायचे, तर ह्यूस्टनच्या त्या दहा एकरांकडे वळावे लागते.

19 जून ही तारीखच चुकीची, असेही म्हणतात. केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी डिसेंबर 1865 मधल्या तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकली, हे खरेच आहे. पण हा दिवस कायद्याच्या पुस्तकातून निवडलेला नाही. टेक्सासने त्याला राज्याची सुटी देणारा कायदा 1979 मध्ये केला आणि केंद्राने 2021 मध्ये. तोवर गावोगावची माणसे तो आपल्या खर्चाने, आपल्या जागेवर पाळत आली होती. 2007 मध्ये झेंड्याच्या कडेला अक्षरे आली ती याच तारखेची: 19 जून 1865.