प्राग येथील रंगभूमि व १९८९ ची राज्यक्रांति

जेथें उघड बोलण्यास बंदी असते, तेथें व्यंजनेचें बळ वाढतें. चेकोस्लोव्हाकियाची रंगभूमि याचें उत्तम उदाहरण होय. सन १९६८ च्या सोव्हिएट आक्रमणानंतर नाटककार वाक्लाव हावेल यांच्या नाटकांस कम्युनिस्ट सरकारनें बंदी केली. इतरांच्या नाटकांतहि प्रेक्षक राज्यकर्त्यांवरील गूढ टीका हुडकूं लागले.

ता. १७ नोव्हेंबर १९८९ रोजीं प्राग येथें पोलिसांनीं विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर लाठ्या चालविल्या. दुसऱ्याच दिवशीं नटांनीं संप पुकारिला आणि नाट्यगृहांत प्रयोगांऐवजीं लोकांच्या सभा भरूं लागल्या. ता. १९ रोजीं 'नागरिक मंच' ही संघटना चिनोहेर्नी क्लब या नाट्यगृहांतच स्थापन झाली, ता. २९ डिसेंबर रोजीं हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

पुढें मात्र विपरीत घडलें. रंगभूमि जें सुचवीत असे, तें वर्तमानपत्रें व विधिमंडळ उघड बोलूं लागलीं. नाटकांचे प्रेक्षक रोडावले. हा रंगभूमीचा पराभव होय काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बंदीमुळें आलेलें महत्त्व बंदीबरोबर गेलें, इतकेंच. ध्वनि हा काव्याचा आत्मा खरा. परंतु तो भयापोटींच जन्मतो, असें आनंदवर्धनानें कोठें म्हटलेलें नाहीं. खुद्द हावेल यांचें अधिकारपद सोडणाऱ्या पुढाऱ्यावरील नाटक २००८ सालीं प्राग येथें रंगभूमीवर आलें. त्यास कोणाची चोरी नव्हती. विषय मनुष्यस्वभावाचा होता.